मोटारीचा स्पॉइलर बसविण्याची कृती आणि तिच्या सूचनांची मराठी

आलिशान सेडान मोटारीच्या डिकीवर, अगदी मागील कडेला, दोनतीन बोटे उंचीची एक पट्टी बसविलेली आढळते. तिला स्पॉइलर म्हणतात. काही मोटारी ही पट्टी कारखान्यातूनच घेऊन येतात. पण पुष्कळ मालक ती मागाहून विकत आणून सुटीच्या दिवशी घरच्या अंगणात स्वहस्ते चिकटवितात. पट्टीच्या खोक्यात एक छापील पत्रक असते व ते बहुधा इंग्रजीत असते. या पत्रकाचे मराठी करू पाहणाऱ्यास प्रथम वाटते की, अडचण येईल ती पारिभाषिक शब्दांची. प्रत्यक्षात शब्द फारसे अडवीत नाहीत. अडविते ती क्रियांची साखळी. ती कशी, हे समजण्यासाठी आधी वस्तू आणि मग तिची जोडणी पाहिली पाहिजे.

‘स्पॉइल’ या इंग्रजी क्रियापदाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तेथे ‘स्पोलियुम’ म्हणजे जनावराची सोललेली कातडी, आणि पुढे लक्षणेने लूट. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना ‘लुबाडणे’पासून ‘नासविणे’पर्यंत अर्थ पोहोचला. विमानविद्येत पंखावर उभ्या करता येणाऱ्या फळीस स्पॉइलर हे नाव मिळाले, कारण ती पंखाची उचल नासविते. मोटारीने हे नाव विमानाकडून घेतले. (चित्रपटाचा शेवट आधीच सांगून टाकणे, हा तरुण पिढीस अधिक परिचित असलेला अर्थ याच नासविण्याची आणखी एक शाखा आहे, त्यास मराठीत ‘रसभंग’ हा सुरेख शब्द आयता आहे.) जर्मनांनी ‘स्पॉइलर’ हाच शब्द उचलला असला, तरी १९७२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात दाखविलेल्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ या मोटारीच्या मागील उंचवट्यास त्यांनी ‘ब्युर्त्सेल’, म्हणजे पक्ष्याचे ढुंगण, असे घरगुती नाव दिले. एक नाव कार्यावरून पडलेले, दुसरे आकारावरून. खुद्द ‘डिकी’ या शब्दाची कथाही अशीच आहे: इंग्रजीत तो घोडागाडीतील सारथ्याच्या किंवा नोकराच्या आसनास लावीत, पुढे मोटारीच्या पाठीमागील उघडमिटीच्या आसनास लावू लागले, आसन गेले, त्या जागी सामान आले, आणि शब्द मात्र भारतात टिकून राहिला.

हा स्पॉइलर नासवितो काय? मोटारीच्या छतावरून वाहणारी हवा वक्र पृष्ठभागावर वेग घेते व तेथील दाब कमी होतो; मागील काचेवरून उतरताना हीच स्थिती राहिल्याने गाडीच्या मागील भागास वर उचलणारे बल निर्माण होते. यास येथे ‘उचल’ म्हटले आहे. मजुराने आगाऊ घेतलेल्या उचलीशी तिचा संबंध नाही. डिकीच्या कडेवरील पट्टी हवेस आडवी येते, तिच्या अलीकडे प्रवाह मंदावतो, डिकीवरील दाब वाढतो आणि उचल घटते. दोन्ही बाजूंनी हवा वाहू देणारा, खांबांवर उभारलेला पंख ही निराळी वस्तू होय. पुष्कळ लोक दोहोंस एकच नाव देतात, ते बरोबर नाही.

उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे येथे महत्त्वाचे. समोरून २ चौरस मीटर क्षेत्र असलेल्या मोटारीचा उचल-गुणांक ०.१ धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगास ती सुमारे साडेनऊ किलो वजनाइतकी भरते, समृद्धी महामार्गाच्या १२० किलोमीटरच्या मर्यादेस साडेतेरा किलोइतकी, आणि २०० किलोमीटरला ३८ किलोइतकी. दीड टनाहून अधिक वजनाच्या गाडीस पहिले दोन आकडे नगण्य आहेत. तिसरा मात्र जर्मनीच्या वेगमर्यादारहित रस्त्यांवर नगण्य नाही. १९९८ साली विक्रीस आलेल्या आउडी टीटी या मोटारीचे मोठ्या वेगात अपघात झाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून चाकांवरील आधाररचनेत बदल केले आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्ययंत्रणेबरोबर मागील स्पॉइलरही बसविला. महाराष्ट्रातील रस्त्यांवर ही पट्टी मुख्यतः शोभेची आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु शोभेची वस्तूही ताशी १२० किलोमीटर वेगात सुटली, तर मागून येणाऱ्या वाहनाच्या काचेवर जाऊन आदळते. लाभ थोडा आणि हानीची शक्यता मोठी, अशी ही वस्तू असल्याने तिच्या जोडणीतच तिचे सारे भलेबुरे साठविलेले आहे.

घरच्या जोडणीस एक मोठा पूर्वाधार आहे. बीएमडब्ल्यू कंपनीने १९७३ मध्ये आपल्या ३.० सीएसएल या दोन-दारी मोटारीस शर्यतीसाठी मोठा मागील पंख दिला. परंतु जर्मनीच्या सार्वजनिक रस्त्यावर तो लावण्यास परवानगी नसल्याने कारखाना तो न बसविता डिकीत ठेवून गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करी. पुढचे काम गिऱ्हाइकाचे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ मालकास गाडीत असा बदल करू देत नाही की, ज्यामुळे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल. म्हणून निर्मात्यानेच त्या नमुन्यासाठी विक्रीस ठेवलेली लहान पट्टी निवडणे शहाणपणाचे.

पट्टी बसविण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत डिकीच्या पत्र्यास भोके पाडून बोल्ट आवळतात. ही रीत घरी करू नये, एवढेच तिच्याविषयी येथे पुरे आहे: भोकाच्या कडेस उघडा पडलेला पत्रा गंजतो, रबरी वॉशर नीट न बसल्यास पावसाचे पाणी डिकीत उतरते, ड्रिल खोल गेल्यास आतील वायर तुटते, आणि चुकलेले भोक बुजविण्यास रंगाऱ्याकडे जाण्यावाचून मार्ग उरत नाही.

दुसरी रीत दुतर्फी टेपची. ही टेप कागद चिकटविण्याची नव्हे; ती ॲक्रिलिक फेसाची जाड पट्टी असते. थ्रीएम कंपनीने या जातीची टेप १९८० साली बाजारात आणली. तिचा चिकटा वाळत नाही, तो दाबामुळे हळूहळू पसरत रंगाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खळग्यांत शिरतो. यास वेळ लागतो. सामान्य तापमानास पहिल्या वीस मिनिटांत पकडीचा सुमारे निम्मा भाग, एका दिवसात नव्वद टक्के, आणि सुमारे ७२ तासांत पूर्ण पकड येते. लावण्याच्या वेळी पत्रा २१ ते ३८ अंश सेल्सिअस असावा. १० अंशांखाली चिकटा ताठरतो व खळग्यांत शिरत नाही. वैशाखातील दुपारी उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा या मर्यादेच्या कितीतरी वर जातो, तेव्हा सावली व सकाळ उत्तम.

कृती अशी. डिकी साबणाने धुऊन मेणाचा व पॉलिशचा थर काढावा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समभाग घेऊन कापडाने पुसावी. पट्टी टेपचा कागद न काढता जागेवर ठेवून पाहावी आणि दोन्ही टोकांशी व मध्यभागी मास्किंग टेपने खुणा कराव्यात. ही पायरी कंटाळवाणी वाटून अनेकजण वगळतात. पण पुढे टेप एकदा रंगास टेकली की पट्टी सरकविता येत नाही. त्यानंतर टेपवरील कागद टोकांशी केवळ दोनतीन इंच सोलून बाहेरच्या बाजूस दुमडावा, पट्टी खुणांशी जुळवावी, आणि दुमडलेली शेपटी एका हाताने ओढीत दुसऱ्या हाताने दाबत जावे. दाब जोराचा, तळहाताचा, इंचाइंचावर.

आता या कृतीचे व्याकरण पाहू. इंग्रजी पत्रकातील सूचना बहुधा मुख्य क्रिया आधी सांगते आणि अट मागाहून: कागद सोला, पण पट्टी जुळविल्यानंतर, किंवा, कागद सोलू नका, जोवर खुणा झालेल्या नाहीत. वाक्याचा पूर्वार्ध वाचताच हात कागदाकडे गेला, तर उत्तरार्ध निरुपयोगी ठरतो. मराठीत वाक्याचा स्वाभाविक ओघच क्रियेच्या क्रमाने जातो. ‘धुऊन, पुसून, खुणा करून कागद सोलावा’ या वाक्यात आधीचे आधी आहे व शेवटचे शेवटी. परत न फिरविता येणारी क्रिया वाक्याच्या अखेरीस, विध्यर्थी क्रियापदात, येते. येथे मराठी इंग्रजीहून सरस आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हे ‘ऊन’ प्रत्ययाचे सामर्थ्य मर्यादित आहे, आणि मर्यादा नेमकी धोक्याच्या ठिकाणी येते. ‘पत्रा पुसून पट्टी लावावी’ हे वाक्य निर्दोष. पुसणारा व लावणारा एकच. ‘पत्रा वाळून पट्टी लावावी’ हे मात्र कोणी मराठी माणूस बोलणार नाही, कारण वाळणारा पत्रा आणि लावणारा माणूस. कर्ते भिन्न असूनही ‘पाऊस पडून रस्ते चिखलाने भरले’ असे आपण म्हणतो. पण तेथे दोन्ही क्रिया कोणाच्या इच्छेवाचून घडतात. मुख्य क्रियापद माणसाच्या हेतूचे असले, की ‘पत्रा वाळल्यावर’ असेच म्हणावे लागते. याचा व्यवहारातील परिणाम असा की, ‘ऊन’ची साखळी हाताने केलेली कामे एकामागून एक गुंफते, आणि वस्तूने आपल्या गतीने करावयाची कामे, म्हणजे अल्कोहोल उडणे व चिकटा खळग्यांत उतरणे, त्या साखळीबाहेर राहतात. भाषांतरकाराने ओघासाठी ‘पुसून लावावी’ असे लिहिले, तर मधला वाळण्याचा काळ नाहीसा होतो. ओल्या पत्र्यावर लावलेली टेप पहिल्या दिवशी धरल्यासारखी दिसते व पहिल्या पावसाळ्यात कडेने उचलते.

याहून अवघड प्रसंग शेवटच्या सूचनेत येतो. ‘पट्टी दाबून चोवीस तास ठेवावी.’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: पट्टी दाबावी व मग चोवीस तास तशीच सोडावी, किंवा चोवीस तास ती दाबलेल्या स्थितीत राखावी. कारण ‘दाबून ठेवणे’ हे ‘झाकून ठेवणे’, ‘बांधून ठेवणे’ यांप्रमाणे संयुक्त क्रियापदही आहे, आणि तेथे ‘ऊन’ पूर्वकाल दाखवीत नाही, टिकून राहिलेली अवस्था दाखविते. ‘चोवीस तास’ मध्ये घातल्याने संयुक्तपणा थोडा सैल होतो, पूर्णपणे सुटत नाही. दुसरा अर्थ घेणारा वाचक डिकीवर विटा किंवा पुस्तकांचे गठ्ठे ठेवील आणि रंगावर ओरखडे पाडून घेईल. शिवाय उतरत्या कडेवर असे वजन पट्टीस खाली ढकलीत राहते. येथे ‘ऊन’ सोडून देऊन दोन वाक्ये करणेच इष्ट: ‘पट्टी दाबावी. त्यानंतर चोवीस तास तिला हात लावू नये, व तीन दिवस गाडी धुऊ नये.’ वाक्य तुटक वाटते, पण त्यातील पूर्णविराम पत्रकातील सर्वांत उपयुक्त चिन्ह आहे.

‘दाबा’ की ‘दाबावी’, हा प्रश्न गौण आहे. गॅरेजमध्ये उस्ताद शिकाऊ पोरास ‘दाबायचं’ म्हणतो. छापील पत्रकास ‘दाबावी’ शोभते, आणि त्याचा निषेधार्थी जोडीदार ‘नये’ सोबत सहज येतो.

पट्टी पुढे काढावयाची झाल्यास ती उपटू नये. रंगही निघून येतो. हेअर ड्रायरने टेप ऊबदार करावी, पट्टी व पत्रा यांच्या फटीत नायलॉनचा मासेमारीचा दोरा घालावा, आणि दोन्ही टोके धरून करवतीसारखा ओढीत न्यावा. मागे राहिलेला फेस अंगठ्याने रगडला म्हणजे वळ्या होऊन निघतो. येथील ‘वळ्या होऊन निघतो’ यात दोन्ही क्रियांचा कर्ता फेसच असल्याने ‘ऊन’ निर्वेध चालतो.