बिघडणं हेच काम

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. त्याच दिवसांत धंतोली-रामदासपेठेतल्या एमआरआय केंद्रांत उणे २६९ अंशांची थंडी मुकाट नांदत असते. यंत्रातली नायोबियम-टायटॅनियमची तार द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असते. इतक्या थंडीत ती अतिवाहक होते, म्हणजे वीज विनाविरोध वाहते. धास्ती असते ती ‘क्वेंच’ची. तार कुठेतरी जराशी तापते, विरोध उपजतो, उष्णता पसरते आणि महागडा हेलियम उकळून छपरावरच्या नळीतून निघून जातो.

प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, मोजणाऱ्या उपकरणात हाच अपघात मुद्दाम घडवतात.

इथली तार नायोबियम नायट्राइडची. जाडी साधारण ५ नॅनोमीटर, रुंदी १०० च्या आसपास, चिपवर नागमोडी कोरलेली. तिच्यातून सोसेल त्या मर्यादेच्या अगदी काठावरचा प्रवाह सोडतात. फोटॉन आदळला की तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या शेकडो जोड्या तुटतात आणि तेवढ्या ठिकाणी अतिवाहकता डळमळते. प्रवाह कडेने वाट काढू पाहतो, तिथे मर्यादा ओलांडली जाते आणि तारेची अख्खी रुंदी विरोध करू लागते. मग प्रवाह शेजारच्या मापन-मंडलाकडे वळतो. तिथे एक ठोका उमटतो, झाली नोंद! सेकंदाच्या कोट्यंशाच्या आत तार थंड होऊन पुढच्या फोटॉनसाठी तयार.

ऑप्टिकल फायबरमधल्या १५५० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा जेमतेम ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, सिलिकॉनला जागं करायला १.१ लागते. अतिवाहकाला त्याचा अगदी छोटा अंश पुरतो. एवढ्या थंडीचा खटाटोप त्यासाठीच.

मॉस्कोत गोल्ट्समन यांच्या गटाने २००१ मध्ये अशी तार पहिल्यांदा चालवून दाखवली. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने याच नायोबियम नायट्राइडचे पातळ थर वर्षानुवर्षं अभ्यासले; त्यांचा प्रश्न मात्र मूलभूत होता: अणुरचना विस्कटत नेली तर अतिवाहकता कुठवर तग धरते? डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या ‘सायकी’ यानाने सुमारे ३.१ कोटी किलोमीटरवरून लेझरने मांजराचा व्हिडिओ पाठवला, तो पालोमारच्या दुर्बिणीत अशाच तारांनी टिपला. एवढा खर्च करून मांजर, असं कुणी म्हणेलही. पण वेग होता सेकंदाला २६७ मेगाबिट.

एक उणीव उरते. दोन फोटॉन एकदम आले, तरी साधी तार सहसा एकच ठोका देते. एकदम किती आले हे सांगणारं भावंडही अतिवाहकच आहे. ते फोटॉनची ऊब मोजतं, पण त्याला निरपेक्ष शून्याच्या वर साधारण एक दशांश अंशावर ठेवावं लागतं, आणि पुन्हा तयार व्हायला ते बराच जास्त वेळ घेतं.