गुलाबाची ओळख : फूल बदलले की जात बदलली?

करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील गाव होय. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जलाशयाच्या काठच्या या टापूत ऊस व केळी या पिकांना बारमाही पाणी मिळू लागले. पाण्याची अशी सोय असलेल्या मळ्यात थोड्या क्षेत्रावर गुलाबाची लागवड करणे शक्य असते. पंढरपूर, तुळजापूर व अक्कलकोट ही देवस्थाने फार दूर नसल्यामुळे फुलांना गिऱ्हाईकही मिळते.

जेऊरच्या एखाद्या मळ्यात अर्धा एकर ‘ग्लॅडिएटर’ जातीची लागवड आहे, असे धरून चालू. हिवाळ्यात टपोरी, गडद गुलाबी-लाल फुले मिळाली. मे महिना उजाडला आणि त्याच झाडांवर लहान, फिकट, चार दिवसांऐवजी दोनच दिवस टिकणारी फुले येऊ लागली. काही झुडपांवर निराळ्याच पानांच्या लांब फांद्या माजल्या. एका झाडाची एकच फांदी वेगळ्या रंगाने फुलली. अशा वेळी ‘रोपे खोटी निघाली’ असे समजून लागवड उपटून टाकण्याचा विचार मनात येतो. परंतु या तिन्ही बदलांची कारणे भिन्न आहेत व उपायही भिन्न आहेत. कारण न ओळखता कुदळ चालविली, तर चांगल्या झाडांचा नाश होतो व दोन वर्षांचा खर्च वाया जातो.

जात कशी ओळखावी?

केवळ फुलाच्या रंगावरून जात ठरविणे ही सर्वांत मोठी चूक होय. लाल गुलाबाच्या शेकडो जाती आहेत. त्याचप्रमाणे ‘गावठी गुलाब’ हे कोणत्याही एका जातीचे नाव नव्हे. निरनिराळ्या गावी निरनिराळ्या सुवासिक गुलाबांना ते दिले जाते. म्हणून संपूर्ण झाडाचे निरीक्षण पुढील क्रमाने करावे.

प्रथम झाडाची ठेवण पाहावी. लांब दांड्यावर बहुधा एकेक मोठे फूल येत असेल तर झाड ‘हायब्रीड टी’ वर्गातील असण्याचा संभव असतो. मध्यम आकाराची फुले झुबक्याने येत असतील तर ते ‘फ्लोरिबंडा’, आणि अगदी लहान फुलांचे मोठे घोस असतील तर ‘पॉलिएन्था’ वर्गातील समजावे. त्यानंतर काट्यांचा आकार व दाटी, पानातील पर्णिकांची संख्या व चकाकी, कोवळ्या फुटीचा रंग, कळीचा आकार, पाकळ्यांची संख्या, पाकळीच्या आतील व बाहेरील बाजूचा रंग आणि शेवटी वास, अशी नोंद करावी. ही नोंद एकाच फुलावरून न करता किमान पाच झाडांवरील फुले पाहून करावी आणि हिवाळ्यात व उन्हाळ्यात अशी दोनदा करावी.

काही जाती उदाहरणादाखल सांगता येतील. ‘क्रिमसन ग्लोरी’ (१९३५) गडद किरमिजी व अतिशय सुवासिक आहे. ‘क्वीन एलिझाबेथ’ (१९५४) उंच वाढते, फुले गुलाबी असतात, परंतु वास मंद असतो. ‘सुपरस्टार’ (१९६०) हिचा पोवळ्यासारखा नारिंगी रंग दुरूनही ओळखू येतो. आपल्या देशातही गुलाबाच्या नव्या जाती निर्माण झाल्या आहेत. गव्हाच्या संशोधनासाठी ख्यातनाम असलेले व १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल यांनी अशा अनेक जाती तयार केल्या.

एकदा फुलणारे व वारंवार फुलणारे

बहराच्या काळावरूनही कूळ कळते. उत्तर भारतात अत्तरासाठी लावतात तो दमास्क गुलाब मुख्यतः वसंत ऋतूत, वर्षातून एकदाच भरघोस फुलतो. वर्षभर पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण आधुनिक गुलाबांत चिनी गुलाबांकडून आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे चिनी गुलाब युरोपात पोहोचले व त्यांचा तेथील गुलाबांशी संकर होत गेला. १८६७ साली फ्रान्समध्ये तयार झालेल्या ‘ला फ्रान्स’ या जातीपासून हायब्रीड टी वर्गाची सुरुवात मानली जाते. तेव्हा एखादे झाड वर्षातून एकदाच फुलत असेल, तर ते आजारी आहे असे समजण्यापूर्वी त्याचे कूळ तपासावे.

वासात फरक का पडतो?

गुलाबाचा वास हा एका द्रव्याचा नसून अनेक उडून जाणाऱ्या द्रव्यांच्या मिश्रणाचा असतो. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल व फिनाइल इथेनॉल ही त्यांपैकी प्रमुख होत. या द्रव्यांचे प्रमाण जातीगणिक बदलते. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिले की, पाकळ्यांत जिरॅनिऑल तयार होण्यासाठी एका विशिष्ट विकराची गरज असते. सुवासिक जातींत तो भरपूर कार्य करतो, वास नसलेल्या जातींत जवळजवळ करीत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा की, मुळात निर्गंध असलेल्या जातीला कितीही शेणखत घातले तरी ती सुगंधी होणार नाही.

मात्र सुवासिक जातीचा वासही दिवसभर सारखा राहत नाही. पूर्ण मिटलेल्या कळीला वास थोडा असतो आणि फूल उमलू लागले की तो वाढतो. कडक ऊन व वारा यांमुळे सुगंधी द्रव्ये लवकर उडून जातात. याच कारणाने अत्तरासाठी फुलांची तोडणी पहाटे व सकाळी उरकतात. म्हणून वासाची परीक्षा नेहमी सकाळी, अर्ध्या उमललेल्या फुलावर करावी. पाकळ्या स्वच्छ, वास नसलेल्या डबीत घालून झाकण लावावे व थोड्या वेळाने उघडून वास घ्यावा. दुपारी दोन वाजता केलेली परीक्षा ग्राह्य धरू नये.

बदलाची तीन कारणे

पहिले कारण हवामान होय. लाल व गुलाबी रंगद्रव्ये थंड हवेत अधिक साठतात, कडक उष्म्यात कमी होतात. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी कळीला पूर्ण वाढ होण्यास अवधी मिळत नाही, पाकळ्या कमी भरतात व फूल घाईने उमलते. ‘पीस’ या पिवळ्या जातीच्या पाकळ्यांवरील गुलाबी कडदेखील ऋतूनुसार कमीअधिक होते. हा दोष जातीचा नसतो. ऑक्टोबरमधील छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी येणारी फुले पाहूनच जातीविषयी मत बनवावे. फुलकिड्यांमुळेही पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात, म्हणून एखादे फूल पांढऱ्या कागदावर झटकून पाहावे. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यास लोहाची कमतरता ओळखावी. असे झाड अशक्त होऊन त्याची फुलेही लहान राहतात.

दुसरे कारण खुंटाची फूट होय. बाजारातील बहुतेक रोपे रानटी वा काटक खुंटावर डोळा भरून केलेली असतात. डोळा भरलेल्या जागेच्या खालून निघालेली फांदी खुंटाची असते. ती जोमाने वाढते आणि अन्न ओढून वरील कलमाला मारते. ‘सात पर्णिका असल्या तर खुंट, पाच असल्या तर कलम’ ही समजूत सर्वस्वी विश्वसनीय नाही, कारण कलमी जातींनाही सात पर्णिका येतात. माती बाजूला सारून फांदी कोठून निघाली हे पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय. खुंट ‘मल्टिफ्लोरा’ गुलाबाचा असल्यास देठाच्या तळाशी असलेली उपपर्णे झालरीसारखी कातरलेली दिसतात. अशी फूट जमिनीलगत नुसती कापू नये. कापल्यास ती पुन्हा फुटते. माती उकरून ती मुळापासून ओढून काढावी व जागा पुन्हा झाकावी.

तिसरे कारण अंकुरातील आकस्मिक बदल होय. डोळा भरलेल्या जागेच्या वर, त्याच झाडाची एखादी फांदी निराळ्या रंगाची फुले देऊ लागते. ‘पीस’ जातीच्या अशाच एका फांदीपासून ‘शिकागो पीस’ (१९६२) ही प्रसिद्ध जात मिळाली. अशी फांदी दिसल्यास तीवर खूण बांधावी आणि दोन-तीन बहर बदल टिकतो का ते पाहावे. टिकल्यास तिचे डोळे स्वतंत्र खुंटांवर भरून वाढवावेत. नको असल्यास ती फांदी छाटून टाकावी.

निर्णय कसा घ्यावा?

प्रारंभी घेतलेल्या मळ्याकडे परत वळू. सर्वच झाडांची फुले एकदम लहान व फिकट झाली असतील, तर तो मे महिन्याचा परिणाम समजून पाणी सांभाळावे, बुंध्याशी पाचटाचे आच्छादन करावे व पावसाळ्यानंतरच्या छाटणीपर्यंत थांबावे. काही झाडांवरच परक्या फांद्या असतील, तर त्या खुंटाच्या आहेत की नाही हे तपासून समूळ काढाव्यात. एकाच झाडाची एकच फांदी वेगळी असेल, तर ती जपून पाहावी. हिवाळ्यातील पहिल्या बहरातही सर्व झाडांची फुले, काटे व पाने ठरलेल्या जातीशी जुळत नसतील, तेव्हाच रोपांबद्दल शंका घ्यावी. त्या वेळी रोपवाटिकेची पावती व दोन ऋतूंची नोंदवही हाती असल्यास तक्रारीला आधार मिळतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गुलाब लावणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास लागवडीच्या दिवशीच अशी नोंदवही घालून द्यावी. प्रत्येक ओळीच्या टोकाला जातीचे नाव, खुंट व लागवडीची तारीख लिहिलेली पाटी रोवावी. हा खर्च अल्प आहे, परंतु मे महिन्यातील घाईच्या निर्णयापासून चांगली झाडे त्यामुळे वाचू शकतात.