पिल्लाचे दात, सोफ्याचा पाय आणि आपला हात

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिले काही आठवडे कौतुकात जातात. मग एके दिवशी सागवानी सोफ्याचा पाय कुरतडलेला दिसतो, देवघरातल्या पाटाची कड जाते, नव्या चपलेचा पट्टा गायब होतो. आजोबा वर्तमानपत्राची गुंडाळी उगारतात. शाळेतून आलेली नात पिल्लाच्या जबड्यातून चप्पल ओढू पाहते आणि तिच्या बोटात दात घुसतो. जखम सुईच्या टोकाएवढी असते. ‘आपलंच तर पिल्लू आहे’ म्हणून त्यावर हळद दाबली जाते आणि विषय संपतो.

खरे तर तो तिथे संपू नये. पण आधी पिल्लू असे का करते, ते पाहू.

पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या दुखतात, शिवशिवतात. तान्हे बाळ हाती येईल ते तोंडात घालते, तसेच हे. दात आल्यानंतरही वर्ष-दीड वर्षाच्या वयापर्यंत चावण्याची ओढ टिकते. मोठा कुत्रा फर्निचर चावत असेल, तर बहुधा त्याला पुरेसा व्यायाम नसतो, दिवसभर करमत नसते किंवा घरचे बाहेर गेले की तो घाबरा होतो. म्हणजे चावणे हा खोडसाळपणा नाही, ती त्याची गरज आहे. गरज मारून थांबत नाही. तिला योग्य वाट करून द्यावी लागते.

‘पण त्याला चूक कळते. बघा ना, कशी मान खाली घालतो!’ असे अनेकजण सांगतात. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये नेमके हेच तपासले. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याच्याशी त्या ‘अपराधी’ चेहऱ्याचा संबंध दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे, मग कुत्र्याने काही केलेले असो वा नसो. संध्याकाळी घरी येऊन सकाळच्या कुरतडण्याची शिक्षा केली, तर कुत्रा एवढेच शिकतो की माणूस दारातून आत आला की मार बसतो. भ्यालेला कुत्रा पुढे हात जवळ आला तरी चावू शकतो.

मग करायचे काय? पहिले काम घराचे. चपला कपाटात ठेवाव्यात, विजेच्या वायरी उचलून घ्याव्यात, औषधे आणि डांबरगोळ्या त्याच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात. चॉकलेट, मनुका, कांदा आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तेव्हा पिल्लाला एका सुरक्षित खोलीत किंवा कठडा लावलेल्या कोपऱ्यात ठेवावे.

दुसरे, चावायला त्याच्या हक्काचे काही द्यावे. तोंडात पूर्ण मावणार नाही असे रबरी खेळणे चांगले. नखाने दाबल्यावर किंचित खळगा पडेल इतपतच ते कडक असावे, नाहीतर दात तुटतो. शिजवलेली हाडे देऊ नयेत. त्यांच्या टोकदार चिपा होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. जुनी चप्पलही देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे त्याला कळत नाही. पिल्लू सोफ्याकडे वळले की ओरडण्याऐवजी खेळणे पुढे करावे आणि ते चावू लागले की शाबासकी द्यावी. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणलेले पिल्लू मुळात कमी कुरतडते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘सोड’ हा शब्द शिकवणे. पिल्लाच्या तोंडात खेळणे असताना नाकाशी पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा धरावा. ते तोंड उघडते त्याच क्षणी ‘सोड’ म्हणावे, तुकडा द्यावा आणि खेळणेही परत करावे. दिल्याने आपले काही जात नाही, हे त्याला उमगले पाहिजे. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटे पुरतात. घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. लहान मुलांनी मात्र कुत्र्याच्या तोंडातून काहीही ओढू नये, मोठ्यांना हाक मारावी.

कुत्र्याने काही गिळल्याची शंका असेल, त्याला वारंवार उलट्या होत असतील किंवा त्याने खाणे सोडले असेल, तर पशुवैद्यकाकडे न्यायला उशीर करू नये.

आता त्या नातीच्या बोटाकडे वळू. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेवर घेतली, तर तो टाळता येतो. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते. त्याआधी त्याला तिचे संरक्षण नसते आणि पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. म्हणून जखम कितीही लहान असो, वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सरकारी रुग्णालयांत लस मिळते. रक्त आले असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागू शकते. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण लस सुरू करण्यासाठी ते दहा दिवस संपण्याची वाट पाहू नये.

सोफ्याच्या पायाला पॉलिश करता येते. हिसकावणारा हात आवरला आणि ‘सोड’ हा एक शब्द शिकवला, तर बोटात दात घुसण्याची वेळ सहसा येत नाही. आलीच, तर साबण, पाणी आणि लस यांत हयगय नको.