महाभारताची चिकित्सित आवृत्ती आणि परदेशांतील परिषदा

परदेशांतील विद्वत्परिषदांस जाऊन येणाऱ्यांचे आपल्याकडे सत्कार होतात. परंतु अशा परिषदांतून निष्पन्न काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा पूर्वेतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१८९७ साली पॅरिस येथे प्राच्यविद्यापंडितांची अकरावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत विंटरनिट्झ यांनी महाभारताच्या दाक्षिणात्य पाठपरंपरेकडे लक्ष वेधले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीतील ग्रंथलिपीच्या पोथ्या त्यांनी अभ्यासल्या होत्या, आणि प्रचलित छापील प्रतींहून त्यांतील पाठ पुष्कळ निराळे आढळले होते. मुंबईची छापील प्रत नीलकंठ चतुर्धराच्या पाठास अनुसरणारी. हा टीकाकार गोदातीरीच्या कोपरगावचा, सतराव्या शतकात काशीस राहिलेला. मग ‘महाभारतात असे म्हटले आहे’ या विधानाचा अर्थ काय? शिक्षकबंधूंनी येथे क्षणभर थांबावे; वर्गात आपण हे विधान किती निःशंकपणे करतो!

या कार्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापावे, अशी सूचना विंटरनिट्झ यांनी केली. १८९९ साली रोमच्या परिषदेत तिचा पुन्हा विचार झाला. १९०४ साली निरनिराळ्या देशांच्या अकादमींच्या संघाने कार्य अंगीकारले. १९०८ साली ल्यूडर्स यांनी आदिपर्वाच्या आरंभीच्या ६७ श्लोकांचा नमुना २९ पोथ्यांच्या आधारे छापून दाखविला. अकरा वर्षांच्या खटाटोपाचे हे दृश्य फळ अल्प खरे. तथापि एका श्लोकामागे किती श्रम आहेत, याचा अंदाज त्यानेच दिला. पुढे पहिल्या महायुद्धाने ती योजना संपविली.

पुण्यात भांडारकर संस्थेने हे कार्य आरंभिले ते १ एप्रिल १९१९ रोजी, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते. ते स्वतः १८८६ च्या व्हिएन्ना परिषदेस गेले होते. १९२५ साली संपादनाची धुरा डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आली. केंब्रिजला गणित शिकलेले हे गृहस्थ पुढे बर्लिनला ल्यूडर्स यांच्याच हाताखाली पाठचिकित्सा शिकले होते. परिषदेतील ठराव कागदावर राहिला, पण पद्धत अशी गुरुमुखाने पुण्यास आली.

ती पद्धत मोठी चिवट. कागदाच्या शिरोभागी प्रचलित श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर, याप्रमाणे लिहावयाचा. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, आणि तिच्यात जेथे फरक असेल तेथेच तो नोंदवावयाचा. मग काश्मीरची शारदा पोथी, बंगाली पोथी आणि मलयाळी पोथी एका दृष्टिक्षेपात शेजारीशेजारी दिसतात. एकट्या आदिपर्वासाठी ६० पोथ्या उपयोगात आणल्या गेल्या. सर्व पोथ्या पुण्यास आणणे शक्य नव्हते. म्हणून शांतिनिकेतनात आणि तंजावरच्या सरस्वती महालातही ताडनाची केंद्रे चालविली गेली. तंजावरचा तो संग्रह वाढविला भोसले राजांनी, हे महाराष्ट्राबाहेरील मराठीजनांस सांगावयास नको.

आदिपर्व १९३३ साली पुरे झाले. संपूर्ण महाभारताची आवृत्ती २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन् यांच्या हस्ते प्रकाशित झाली. पॅरिसच्या सूचनेस तेव्हा ६९ वर्षे लोटली होती. विंटरनिट्झ १९३७ मध्ये आणि सुकथनकर १९४३ मध्ये निवर्तले होते.