आपोआप उघडणारे दार अडते तेव्हा

गॅरेजचे दार बटणासरशी उघडणारे असले, की पाहुण्यांसमोर घरमालकाची मान अंमळ ताठ होते! आणि ऐन दिवाळीत ते अर्ध्यावर अडले, की सारा दोष विजेच्या मोटरला. वस्तुतः दाराचा भार मोटर पेलतच नाही. तो पेलतो तोल.

लोणी देवकर ज्या इंदापूर तालुक्यात आहे, तेथे नीरा डाव्या कालव्याने भाटघरचे पाणी येते. त्या भाटघरच्या धरणाला स्वयंचलित दारे आहेत. खडकवासल्यालाही १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी आपल्या योजनेची अशी दारे बसवली. वीज नाही, मोटर नाही. चढत्या पाण्यानेच तोल ढळावा आणि दार उघडावे!

घरच्या दारात हे काम वरची पीळदार स्प्रिंग करते. म्हणून दार मिटलेले असताना वीज बंद करा, मोटरपासून दार सोडवणारी दोरी ओढा आणि ते हाताने कमरेइतके उचला. तेथेच ठरले तर तोल शाबूत. खाली कोसळू लागले तर स्प्रिंग बिघडली. तिला मात्र हात लावू नका. तिचा ताण माणसाला जायबंदी करतो. कारागीरच बोलवा.

तोल ठीक असूनही दार मिटता मिटता परत फिरते? मग उंबऱ्याजवळचे दोन ‘डोळे’ पाहा. धूळ, कोळिष्टक, धक्क्याने सरकलेली नजर, बहुधा एवढेच. पुसा, समोरासमोर करा. ते डोळेच काढून टाका, असे सांगणारे शहाणे भेटतात. त्यांचे ऐकू नका. दारांखाली मुले दगावल्यावर अमेरिकेत १९९३ पासून नव्या यंत्रांना असे संरक्षण सक्तीचे झाले.

शेवटी दाराखाली एक फळी आडवी ठेवून बटण दाबा. फळीला टेकताच दार मागे फिरले पाहिजे.