आतून लागणारी कडी

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरी १९८३ साली ‘पार्क प्लेस’ नावाची एकशे बारा बिऱ्हाडांची इमारत वृद्धांसाठी उघडण्यात आली, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्यास तीत नवल वाटावे असे काहीच नव्हते. प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र न्हाणीघर होते, बेताचे स्वयंपाकघर होते, घरचे जुने सामान आणि लाडके मांजर बरोबर आणण्याची मुभा होती, आणि दाराला कुलूप असून त्याची किल्ली राहणाऱ्याच्याच खिशात असे. नवल होते ते एवढेच, की ज्यांच्या स्वाधीन ही किल्ली करण्यात आली त्यांतील पुष्कळ माणसे तत्कालीन सरकारी समजुतीप्रमाणे रुग्णालयवजा शुश्रूषागृहातच ठेवण्याजोगी होती. स्नान, वस्त्रे, शौच, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि भोजन या ज्या सहा क्रिया सिडनी कॅट्झ या वैद्याने १९६३ साली परावलंबित्वाचे माप म्हणून मांडल्या, त्यांपैकी कशात ना कशात त्यांना दुसऱ्याच्या हाताची गरज होती. ‘असिस्टेड लिव्हिंग’, म्हणजे साहाय्यित निवास, या नावाने आज अमेरिकेतील प्रत्येक उपनगरात जी संस्था आढळते, तिचे मूळ घर ते हे.

ती कल्पना केरेन ब्राउन विल्सन या विदुषीची. ती एकोणीस वर्षांची असताना तिच्या पंचावन्न वर्षांच्या आईस पक्षाघात झाला, आणि लेकीपाशी पैसा नसल्यामुळे त्या बाईचे पुढील आयुष्य धर्मादाय शुश्रूषागृहांतून गेले. वार्धक्यशास्त्राचे अध्ययन करणाऱ्या मुलीकडे आईने मागणे केले ते फार लहान होते: छोटीशी जागा, आपल्या चार वस्तू, आणि आपल्या इच्छेवाचून कोणी आत येणार नाही असे दार. सरकारी अधिकाऱ्यांस हे मागणे भयंकर वाटले. विस्मरण जडलेल्या माणसाच्या खोलीत शेगडी आणि सुरी ठेवणे म्हणजे अपघातास निमंत्रण, हा त्यांचा आक्षेप काही वेडगळ नव्हता. त्यांनी परवाना दिला, परंतु रहिवाशांच्या प्रकृतीवर बारीक नजर ठेवली. आणि १९८८ साली निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा असे दिसले, की माणसे अधिक समाधानी होती, त्यांची प्रकृती ढासळली नव्हती, बुद्धीची व शरीराची शक्ती किंचित सुधारली होती, विषण्णता घटली होती, आणि सरकारी मदतीवर राहणाऱ्यांचा खर्च शुश्रूषागृहाच्या मानाने वीस टक्क्यांनी कमी आला होता. ओरेगॉनने १९८१ सालीच, साऱ्या देशात प्रथम, गरिबांच्या ‘मेडिकेड’ योजनेतील पैसा शुश्रूषागृहाबाहेरील सेवेवर खर्च करण्याची संघसरकारकडून सवलत मिळविली होती. म्हणून हा प्रयोग तेथे तग धरू शकला.

पुढे नाव देशभर पसरले. कंपन्या निघाल्या, त्यांचे भाग बाजारात आले, आणि दर्शनी दालनातील झुंबरे मोठी होत गेली. कडी मात्र सर्वत्र पोहोचली असे म्हणवत नाही. याचे एक कारण असे, की जागा पसंत करण्यास येतो तो बहुधा मुलगा किंवा मुलगी, आणि आईबापांसाठी जागा पाहणारा माणूस त्यांच्या सुरक्षिततेचा विचार आधी करतो, त्यांच्या लहरीचा नंतर.

आता खर्चवेचाकडे वळू. २०२४ च्या देशव्यापी पाहणीनुसार साहाय्यित निवासाचा मध्यम दर वर्षाला ७०,८०० डॉलर, म्हणजे महिन्याला ५,९०० डॉलर होता. शुश्रूषागृहातील स्वतंत्र खोलीचा दर वर्षाला १,२७,७५० डॉलर. दरपत्रक हाती घेऊन ओळीओळीने वाचावे, कारण या व्यवसायाचे सारे मर्म त्यात आहे. पहिली ओळ खोलीच्या भाड्याची. तीत जेवण, झाडलोट, आणि गळ्यात अडकवायच्या हाकेच्या बटणाची सोय आली. दुसरी ओळ प्रवेशाच्या वेळी एकदाच भरावयाच्या, बहुधा परत न मिळणाऱ्या रकमेची. तिसऱ्या ओळीपासून खरा हिशेब सुरू होतो: परिचारिका येऊन वर सांगितलेल्या सहा क्रियांची तपासणी करते, स्नानास मदत लागते काय, रात्री उठवावे लागते काय, गोळ्या कोणी मोजून द्याव्या लागतात काय याचे गुण मांडते, आणि त्या गुणांवरून सेवेची पायरी ठरते. पायरी चढली की दर चढतो. शरीर जसजसे खचते तसतशी आकारणी वाढते, आणि मिळकत मात्र होती तेथेच राहते; सेवानिवृत्तास ‘सोशल सिक्युरिटी’चे मासिक वेतन २०२५ च्या आरंभी सरासरीने दोन हजार डॉलरांच्या किंचित आत होते. उरलेली तूट वर्षाला सत्तेचाळीस हजारांच्या घरात जाते. वृद्धांच्या औषधपाण्याची ‘मेडिकेअर’ ही योजना ती तूट भरून काढील असा पुष्कळ सुशिक्षित अमेरिकनांचाही ग्रह असतो, आणि तो साफ चुकीचा आहे. ती वैद्यकीय उपचारांचा खर्च देते, नित्याच्या सांभाळाचा देत नाही. मेडिकेड देते, पण त्यासाठी सहसा एकट्या अर्जदारापाशी दोन हजार डॉलरांहून अधिक मोजण्याजोगी शिल्लक असता कामा नये, आणि मागील पाच वर्षांत मुलाबाळांच्या नावे केलेल्या बक्षिसांचीही झडती होते. अर्थात सरकारी आश्रय हवा असेल तर आधी रीतसर निष्कांचन व्हावे लागते.

मग मध्यमवर्गी माणूस तूट भरतो कशाने? घर विकून. पोर्टलंडच्या पश्चिमेस वॉशिंग्टन परगण्यात बीव्हर्टन नावाचे उपनगर आहे. त्यासारख्या वस्त्या युद्धोत्तर काळात तरुण कुटुंबांसाठी रचल्या गेल्या, प्रत्येक घरास अंगण आणि मोटारखाना आहे, आणि दुकान, दवाखाना, देऊळ या सर्वांस मोटारीनेच जावे लागते असा त्यांचा घाट आहे. ज्या दिवशी वृद्धाचा वाहन चालविण्याचा परवाना संपतो त्या दिवशी हे टुमदार घर एक बेट होऊन बसते. गुडघे अजून चालत असतात, डोके शाबूत असते, आणि तरीही माणूस परावलंबी ठरतो; माझ्या मते साहाय्यित निवासाच्या मागणीचा मोठा हिस्सा रोगाने निर्माण केलेला नसून रस्त्यांच्या आखणीने केलेला आहे. घरी मदतनीस ठेवावा म्हटले, तर आठवड्यास चव्वेचाळीस तासांच्या मदतीचा वार्षिक खर्च २०२४ साली ७७,७९२ डॉलर होता. तो साहाय्यित निवासाहूनही जास्त.

म्हणूनच त्या परगण्यातील ज्या व्यवस्था दिसण्यात किरकोळ आहेत त्यांचे मोल मला अधिक वाटते. १९६५ च्या ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’ने आणि १९७३ च्या दुरुस्तीने देशभर वृद्धसेवेच्या स्थानिक कचेऱ्या स्थापन झाल्या, वॉशिंग्टन परगण्याचीही तशी कचेरी आहे, आणि तेथील सल्ल्यास पैसे पडत नाहीत. खासगी दलालही सल्ला फुकट देतात, पण त्यांची दलाली निवाससंस्था भरते हे ध्यानात ठेवलेले बरे. ‘मील्स ऑन व्हील्स पीपल’ ही संस्था घरपोच ताट देते आणि देणगी ऐच्छिक ठेवते. ‘राइड कनेक्शन’चे स्वयंसेवक दवाखान्यात नेऊन आणतात, आणि पासष्टीनंतर बसचे व लोहमार्गाचे भाडे निम्मे होते. बीव्हर्टनमधील एल्सी स्टुर केंद्रात पंचावन्नाच्या पुढील मंडळी व्यायामास आणि गप्पांस जमतात. मेडिकेड मिळण्याइतके जे गरीब नाहीत आणि मदतनीस ठेवण्याइतके जे सधन नाहीत, त्यांच्यासाठी १९७५ पासून राज्याची ‘ओरेगॉन प्रोजेक्ट इंडिपेंडन्स’ ही योजना आहे. घरकामास व अंघोळीस माणूस पाठविण्याची तजवीज तीतून होते. बासष्टीच्या पुढील, बेताच्या उत्पन्नाच्या घरमालकाची घरपट्टी राज्य स्वतः भरते, सहा टक्के व्याजाने घरावर बोजा चढविते, आणि मालकाच्या पश्चात वा घर विकले गेल्यावर वसूल करते. सावकारी थाटाची असली तरी ही सोय कित्येकांस राहत्या घरात टिकवून धरते.

पण सर्वांत चतुर सोय आहे ती ‘अडल्ट फॉस्टर होम’ची. सामान्य रहिवासी घर, त्यात सरकारी परवाना घेतलेले एखादे कुटुंब किंवा चालक, आणि फार तर पाच आश्रित. ना झुंबर, ना दर्शनी दालन. ओरेगॉनने हा प्रकार जितक्या चिकाटीने वाढविला तितका फार थोड्या राज्यांनी वाढविला असेल. येथेही चांगले-वाईट आहेच, आणि तपासणीचे अहवाल वाचल्यावाचून कोणी करारावर सही करू नये.

मराठी वाचकास यात आपले काय, असे वाटण्याचा संभव आहे. अतुल गवांदे या शल्यवैद्याने विल्सनबाईंची हकीकत ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या ग्रंथात जगापुढे मांडली, आणि त्याच ग्रंथात यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावच्या आपल्या आजोबांची, सीताराम गवांदे यांची, हकीकतही सांगितली आहे. शंभरी उलटल्यावरही हे गृहस्थ घोड्यावर बसून शेताची फेरी करीत, आणि जवळजवळ एकशेदहा वर्षे जगले, कारण घरात हाताशी माणसे होती. त्या चित्राने हुरळून जाऊ नये असे गवांदे स्वतःच सुचवितात. ती माणसे बहुतेक सुना-लेकी असत, आणि त्यांच्या वेळेचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

बीव्हर्टनशेजारच्या हिल्सबरोमध्ये इंटेलचे मोठे कारखाने आहेत, आणि त्यांच्या आश्रयाने आलेल्या भारतीय तरुणांत मराठी घरेही आहेत. त्यांचे आईवडील कायमच्या वास्तव्याचा दाखला घेऊन येतात तेव्हा मुलगा सरकारास जामीन लिहून देतो, की यांच्या निर्वाहाची जबाबदारी माझी. आणि आईवडील नागरिक होईपर्यंत तो जामीन सहसा सुटत नाही. मेडिकेअर विकत घ्यावयाची तर आधी पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते, आणि तेथे कधी नोकरी केली नसेल तर तिच्या रुग्णालयीन भागाचा हप्ताच २०२५ साली महिन्यास ५१८ डॉलर होता. तोवर पडझड झाली तर तिचा भार बहुतांशी मुलाच्याच नावावर. अशा कुटुंबांस मी म्हणेन, की मोठ्या संकुलांची चकचकीत पत्रके पाहण्याआधी परगण्याच्या कचेरीतून पाच आश्रितांच्या परवानाधारक घरांची यादी मागवावी. त्यांपैकी एखाद्या घरी वरणभात शिजेल काय, हे कोणत्याही दरपत्रकात लिहिलेले नसते. ते दारी जाऊन घरच्या बाईंनाच विचारावे लागते.