नवी मोटारसायकल : कंपनीतून काय बसवून घ्यावे, बाहेरून काय बसवू नये



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की गट ऑफिसात लागणीच्या गप्पांबरोबर मोटारसायकलचाही विषय निघतोच. कोणाला डेअरीवर दूध घालायला गाडी हवी असते, कोणाच्या चिरंजीवाला कॉलेजला जायला. अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. मुलगा नोकरीनिमित्त घाटकोपर, मुलुंड, अंधेरी नाहीतर बोरिवलीला राहतो. गाडी तो तिकडे पसंत करतो आणि पैसे इथून जातात. फोनवर सांगतो, "अण्णा, कंपनीतूनच बसवून घेतोय सगळं, थोडे जास्त लागतील." अण्णा आम्हाला विचारतात, कंपनीतून बसवून म्हणजे काय, आणि ते घ्यावे का? एकेकाला सांगत बसण्यापेक्षा या अंकात ऊस जरा बाजूला ठेवून तेच लिहीत आहोत. पुढे 'कंपनी' म्हटले की गाडी बनविणारी कंपनी समजावी.

आपल्या वडीलधाऱ्यांना असा प्रश्न पडायचे कारणच नव्हते. भांडुपला ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात लॅम्ब्रेटा तयार होई, १९७२ साली बजाजची चेतक आली; पण स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. नंबर आला की जो रंग मिळेल तो घरी आणून नारळ फोडायचा. राजदूतवाल्यांचे तेच. मग गॅरेजवाल्याकडून कॅरिअर, दुधाच्या कॅनचे हूक, मोठा हॉर्न लावून घ्यायची आपल्याला सवय लागली. ती सवय अजून गेली नाही, मात्र गाड्या आणि कायदा दोन्ही बदलले आहेत.

ट्रॅक्टर घेताना मात्र आपण हे शहाणपण पूर्वीपासून करतो. महिंद्राचा ट्रॅक्टर कांदिवलीच्या कारखान्यातून यायचा तेव्हापासून स्टिअरिंग कसले, टायर कोणत्या मापाचा, हे बुकिंगच्या वेळीच ठरते. घरी आणून कोणी स्टिअरिंग बदलत नाही. मोटारसायकललाही आता तीच पद्धत लागू झाली आहे.

कंपनीकडून मिळणारे पर्याय सरसकट एक नाहीत. पहिला प्रकार साधा. एकाच गाडीच्या दोन-तीन जाती असतात : ड्रम ब्रेक की डिस्क, तारांचे चाक की अलॉय, साधा दिवा की एलईडी. उदाहरणार्थ, बजाजने ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात फ्रीडम १२५ ही सीएनजीवर चालणारी गाडी आणली तेव्हा ड्रमची किंमत ९५ हजार, ड्रम-एलईडीची १ लाख ५ हजार आणि डिस्क-एलईडीची १ लाख १० हजार अशी शोरूमची किंमत होती. मधल्या जातीपेक्षा जास्तीचे पाच हजार मोजून पुढे डिस्क ब्रेक मिळत असेल तर आमचे मत डिस्कच्या बाजूने. पावसाळ्यात एलबीएस रोडवर बसच्या मागे थांबायचे असो की मळीच्या टँकरमागे, थांबणे महत्त्वाचे. याच गाडीबाबत आणखी एक गोष्ट. तिच्यात २ किलो गॅस आणि २ लिटर पेट्रोल मावते. मुंबई उपनगरात सीएनजीचे पंप आहेत, तिथल्या मुलाला ती परवडेल. आपल्या गावापासून पंप किती लांब आहे ते पाहूनच इथल्याने विचार करावा.

दुसरा प्रकार म्हणजे ऑर्डरप्रमाणे बनवून घेणे. रॉयल एन्फिल्डने नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिऑर ३५० बरोबर 'मेक इट युअर्स' ही सोय पुढे आणली. त्यात फोनवर गाडीचे चित्र फिरवून रंग, सीट, आरसे, पुढची काच, पायाचा गार्ड निवडता येतो. टीव्हीएसने ऑगस्ट २०२१ मध्ये अपाचे आरआर ३१० ला 'बिल्ट टू ऑर्डर' सुरू केले. त्यात शॉकॲब्सॉर्बर आपल्याला हवे तसे कमी-जास्त करता येतील असा एक संच, आणि शर्यतीवाल्यासारखे वाकून बसायला खाली हँडल व वर पायदान असा दुसरा संच. हा दुसरा संच ट्रॅकवर शोभतो. अंधेरी ते मुलुंड रोज गर्दीतून जाणाऱ्याचे मनगट आणि कंबर दोन्ही बोलू लागतील, आणि आपल्या पाणंद रस्त्यावर तर विचारूच नका.

तिसरा प्रकार शोरूममध्ये बसविण्याच्या वस्तूंचा. गोंधळ इथेच होतो. शोरूमच्या काउंटरवर मिळते ते सगळे कंपनीचे असतेच असे नाही. त्या गाडीसाठी कंपनीने मान्य केलेली वस्तू असेल तर तिचा कंपनीचा पार्ट नंबर असतो. बिलावर तो नंबर घालून मागावा. नुसते 'ॲक्सेसरीज' असे लिहून मोघम रक्कम लावलेली असेल तर यादी मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या नोंदणी पुस्तकात कंपनीने जो तपशील दिला आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आले. त्यानुसार मालकाने मनाई असलेला बदल केला तर दर बदलास ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'दर बदलास' हे शब्द नीट वाचावेत. पुस्तकात रंगही लिहिलेला असतो, म्हणून मनासारखा रंग कंपनीतूनच घेतलेला बरा.

सगळ्यात जास्त मोह सायलेन्सरचा. पूर्वीचा सायलेन्सर म्हणजे आत जाळ्या असलेले नळकांडे, बदलला तर फक्त आवाज बदलायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले. धूर जाणाऱ्या नळीत ऑक्सिजन मोजणारा एक सेन्सर असतो. जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला हे तो गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवतो आणि त्यावर पुढचे पेट्रोल किती सोडायचे ते ठरते. माती परीक्षण करून खताचा डोस ठरवावा तसे हे काम, फक्त ते अखंड चालू असते. त्याच मार्गात विषारी वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. बाहेरचा मोकळा सायलेन्सर लावला की वायूचा दाब बदलतो, कन्व्हर्टर जातो, संगणकाचा हिशेब चुकतो आणि ॲव्हरेज पडते. शिवाय आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या म्हणून कलम १९०(२) खाली १० हजारांपर्यंत दंड वेगळा. मुंबईत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. तरुण मंडळींनी फटफट आवाजाची हौस यात्रेतल्या ताशावर भागवावी.

उलटी गोष्ट साडी गार्डची. चाकाजवळची ही जाळी शोभत नाही म्हणून उपनगरातली पोरे पहिल्याच दिवशी काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला पायदान आणि मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. सुट्टीत तीच गाडी गावी येते, आई किंवा सूनबाई मागे एका बाजूला बसतात आणि पदर चाकात जातो. ती जाळी जागच्या जागी राहू द्या.

दुधाचे कॅन आणि वाढे नेणाऱ्यांसाठीही एक माहिती. जुलै २०२० मध्ये या नियमात हलक्या पेटीची तरतूद आली. पेटी ५५० मिलिमीटर लांब, ५१० रुंद आणि ५०० उंच यापेक्षा मोठी नको. ती मागच्या माणसाच्या जागेवर लावली तर एकट्यानेच चालवायचे. त्या जागेच्या मागे लावली तर मागे माणूस बसू शकतो. ओझ्याची गाडी असेल तर मागच्या शॉकॲब्सॉर्बरची खाचेची रिंग मेकॅनिककडून एक-दोन खाचा घट्ट करून घ्यावी. बहुतेक गाड्यांना ती कंपनीतूनच असते, पैसे लागत नाहीत आणि पुस्तकातही सांगितलेले असते. ते पुस्तक आपण डिकीतून बाहेर काढत नाही ही गोष्ट वेगळी.

नंबरप्लेटबद्दल. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला सुरक्षित प्लेट गाडीबरोबरच येते. आकडे वळवून ४१४१ चा 'दादा' किंवा २१४ चा 'राम' करणे आता बंद करावे. गाडी बोरिवलीला नोंदवली तर एमएच-४७, अंधेरीला एमएच-०२, मुलुंड-घाटकोपरकडे एमएच-०३. ती कायमची गावी आणली तरी राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, पण पत्ता बदलल्याचे तीस दिवसांत कळवावे लागते.

विम्याचेही यातच येते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा काढावा लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा. या दुसऱ्या भागात कंपनीच्या किमतीतल्या वस्तू धरल्या जातात. बाहेरून लावलेली वस्तू किमतीसह कळवून तिचा जादा हप्ता भरला नसेल तर ती गेली की गेली. वायरिंग कापून लावलेल्या एलईडी दिव्याने गाडी जळाली तर भरपाईही अडते आणि वॉरंटीही.

किमतीचा हिशेब करताना २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा जीएसटी लक्षात घ्यावा : ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्यावर ४० टक्के. त्या आधीचे दरपत्रक कोणी दाखवले तर नवीन मागावे. बुकिंग करताना कोणत्या वस्तू कंपनीतून बसून येणार आणि कोणत्या शोरूममध्ये बसवणार याच्या दोन वेगळ्या याद्या शिक्क्यानिशी घ्याव्यात. ऑर्डरप्रमाणे बनवलेली गाडी मागाहून बदलून मिळणे अवघड असते, तेव्हा मुलाला फोनवरच्या चित्राऐवजी एकदा शोरूममध्ये प्रत्यक्ष सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते पाहायला सांगावे. डिलिव्हरीच्या दिवशी चासी नंबर, इंजिन नंबर आणि रंग बिलाशी ताडून घ्यावा. नियमाप्रमाणे गाडीबरोबर मिळणारे आयएसआय हेल्मेट मागून घ्यावे. दुसरे हेल्मेट विकत घ्यावे, कारण मुंबईत जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यालाही ते नसेल तर पोलीस अडवतात.

— ऊस विकास अधिकारी